ओमायक्रॉन सौम्य असेल, पण भोर-वेल्ह्यापासून पुणे लांब आहे

"लस घेतली तरी होतोयच ना? मग घ्यायची कशाला?" गेल्या पंधरा दिवसांत हा सवाल आम्ही भोरच्या एसटी स्टँडवर ऐकला, जुम्म्यानंतर मस्जिदीच्या पायरीवर ऐकला, आणि खरं सांगायचं तर आमच्या स्वतःच्या घरातही ऐकला. सवाल चुकीचा नाही. त्याचं अर्धं उत्तर "हो, होतोय" असंच आहे. ते लपवून काही फायदा नाही, कारण लोकांना डोळ्यांनी दिसतंय. पण उरलेलं अर्धं उत्तर आपल्यासारख्या डोंगरी तालुक्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

आधी वेग बघू. दक्षिण आफ्रिकेने या नव्या प्रकाराची खबर जागतिक आरोग्य संघटनेला २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दिली. दोनच दिवसांत त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळालं. ४ डिसेंबरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडला आणि दुसऱ्याच दिवशी पुणे जिल्ह्यात सात : सहा पिंपरी-चिंचवडला, एक पुणे शहरात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात देशात रोज साडेसहा हजारांच्या आसपास नवे रुग्ण मिळत होते. १३ जानेवारीच्या आकडेवारीत तोच आकडा २ लाख ४७ हजारांवर गेला. तीन आठवडेही झाले नाहीत. २०२१मध्ये डेल्टानेसुद्धा एवढी घाई केली नव्हती.

हे का झालं? विषाणूच्या अंगावर जे काटे असतात, ज्यांच्या आधारे तो आपल्या पेशीला चिकटतो, त्यांत ओमायक्रॉनने तीसहून जास्त बदल केलेत. लसीने किंवा आधीच्या आजाराने आपल्या रक्तात जी प्रतिपिंडं तयार झाली, ती जुना चेहरा ओळखतात. नवा चेहरा बघून ती गोंधळतात आणि विषाणू नाका-घशात शिरतो. हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डिसेंबरमध्ये असं दिसलं की श्वासनलिकेच्या ऊतीत ओमायक्रॉन डेल्टाच्या सुमारे ७० पट वेगाने वाढतो, मात्र फुफ्फुसाच्या ऊतीत तो बराच मंद असतो. म्हणून खोकला, घसा, ताप घरोघर, आणि मागच्यासारखी ऑक्सिजनसाठी धावाधाव कमी.

पण शरीराचं संरक्षण नुसतं प्रतिपिंडांवर चालत नाही. लसीने तयार केलेल्या काही पेशी मागच्या फळीत असतात. त्या दारावर अडवत नाहीत, आत शिरलेल्याला आवरतात. ओमायक्रॉन त्यांना इतका सहज चकवू शकत नाही. ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा संस्थेने ३१ डिसेंबरला आकडे दिले. दवाखान्यात भरती होण्यापासून दोन डोसने पहिल्या सहा महिन्यांपर्यंत सुमारे ७२ टक्के संरक्षण, त्यानंतर ते ५२ टक्क्यांवर, आणि तिसरा डोस घेतल्यावर ८८ टक्के. तिथे तिसरा डोस तेव्हा बहुतेकांना फायझर किंवा मॉडर्नाचा मिळत होता, आपल्याकडे २०२२च्या जानेवारीत तो आधी घेतलेल्या लसीचाच मिळत होता. त्यामुळे ८८ हा आकडा जसाच्या तसा भोरला लावता येणार नाही. दिशा मात्र तीच : लागण थांबेलच असं नाही, खाटेवर जाणं बऱ्याच अंशी टळेल.

आता हे भोर-वेल्ह्यात आणून बघा. पुण्यात कोंढव्याच्या किंवा कॅम्पातल्या माणसाची रात्री दोन वाजता ऑक्सिजनची पातळी घसरली, तर रिक्षाने मोठा दवाखाना गाठता येतो. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला, किंवा भोरच्या वर हिर्डोशीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला आधी गाडी शोधावी लागते, मग घाटवळणं, मग चेलाडी फाटा, मग सातारा हायवेची गर्दी. भोर-वेल्ह्याला सरकारी दवाखाने आहेत आणि तिथल्या लोकांनी दोन लाटांत जीव ओतून काम केलंय. तरीही अवघड पेशंटला शेवटी पन्नास-साठ किलोमीटरवर पुण्यालाच न्यावं लागतं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शहरात "भरती होण्याची शक्यता कमी" म्हणजे टक्केवारी. इथे त्याचा अर्थ त्या रात्रीच्या रस्त्यावर निघावं लागतं की नाही, इतका सरळ आहे.

आणि विषाणू इथे यायला वेळ लागत नाही. आपल्या घरातली पोरं हडपसरला, शिरवळला कामाला आहेत. शनिवारी येतात, अम्मीच्या हातचं खातात, रविवारी परत. राज्याच्या ८ जानेवारी २०२२च्या आदेशाने किल्ले बंद झाले तेव्हा राजगड-तोरण्याची गर्दी थांबली असेल, पण घरचा माणूस थोडाच थांबणार होता? तरण्याला दोन दिवस कणकण, आणि त्याच्याच ताटात जेवलेल्या सत्तरीच्या दादीला बीपी-शुगरसह न्यूमोनिया, असं होऊ शकतं. "सौम्य" हा शब्द सरासरीचा आहे. दादी सरासरी नाही.

म्हणून तेव्हा तारखांचा हिशोब घरी बसून करायचा होता. ऑक्टोबर २०२१च्या ८ ते १४ तारखेला राज्यात 'मिशन कवच कुंडल' झालं. त्यात ज्यांनी कोविशिल्डचा पहिला डोस घेतला, त्यांचे ८४ दिवस ३१ डिसेंबर ते ६ जानेवारीदरम्यान पूर्ण झाले, म्हणजे दुसरा डोस तेव्हाच लागू झाला होता. कोव्हॅक्सिनवाल्यांचं अंतर फक्त २८ दिवसांचं होतं, त्यांनी तर थांबायचं कारणच नव्हतं. १० जानेवारी २०२२पासून साठीच्या पुढच्या, इतर आजार असलेल्या मंडळींना तिसरा, म्हणजे खबरदारीचा डोस सुरू झाला. तेव्हा दुसऱ्या डोसला नऊ महिने व्हायला हवे होते. अब्बांचा दुसरा डोस १५ मे २०२१ला झाला असेल तर १२ फेब्रुवारी २०२२नंतर नंबर लागत होता, रमजानच्या बऱ्याच आधी. हजचा फॉर्म भरणाऱ्यांना तर तेव्हा दोन्ही डोसशिवाय पर्याय नव्हता.

काही घरांत अजून शंका आहे. लसीत डुकराची चरबी असल्याची अफवा जुनी झाली. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलं की तिच्या लसीत डुकराचा कोणताही घटक नाही, आणि तीच लस आपल्याकडे सीरमची कोविशिल्ड म्हणून मिळत होती. अमिरातीच्या फतवा कौन्सिलनेही तेव्हाच लस जायज ठरवली होती. पण खरी गाठ चरबीची नाही, अविश्वासाची आहे. २०२०च्या एप्रिलमध्ये तबलिगच्या नावाने साऱ्या जमातीला जे ऐकावं लागलं, ते कोण विसरेल? २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. ती जखम खरी आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये औरंगाबादला "लस नाही तर रेशन, पेट्रोल नाही" असा फतवा निघाला, त्याने लोक रांगेत आले असतील, विश्वास वाढला असं आम्हाला वाटत नाही. तरीही राग सरकारवर आणि भोग दादीने भोगायचे, हा सौदा वाईट आहे. २०२०च्या त्या काळात पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या मस्जिदीचा मजला विलगीकरणासाठी देऊ केला होता. आपली जमात तेव्हा कुणाच्या सांगण्याची वाट बघत बसली नव्हती.

"मालेगाव बघा, तिथे कुठे लस घेतली?" असंही ऐकू येतं. मालेगावने किंमत आधीच मोजलीय. २०२०च्या एप्रिल-मेमध्ये तिथल्या बडा कब्रस्तानात रोज किती जनाजे येत होते, ते मालेगावकरांना विचारावं.

लस घेतली म्हणून मास्क सुटत नाही, कारण लसवालाही दुसऱ्याला देऊ शकतो. वुजू घरून, मुसल्ला आपला, खोकला असेल तर नमाज घरीच. जानेवारी २०२२मध्ये निकाहला ५० आणि जनाज्याला २० माणसांची मर्यादा होती, ती पाळणं जड गेलं हे मान्य, पण पाहुण्यांतला एकजण पुण्याहून काय घेऊन आला ते त्यालाही ठाऊक नसतं. घसा दुखला की पुण्याच्याच मायलॅबचं घरी करायचं किट तेव्हा मेडिकलमध्ये मिळत होतं. पॉझिटिव्ह आलं तर लपवू नका, आशाताईंना कळवा. जानेवारी २०२२च्या नियमानुसार सौम्य लक्षणं असतील तर सात दिवस वेगळ्या खोलीत राहायचं होतं, शेवटचे तीन दिवस ताप नको होता.

१५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना ३ जानेवारी २०२२पासून कोव्हॅक्सिन सुरू झाली. २००७ किंवा त्याआधी जन्मलेली सगळी त्यात बसत होती. आधार कार्ड नाही म्हणून मुलीला घरी ठेवायचं कारण नव्हतं, नोंदणीला शाळेचं ओळखपत्रही चालत होतं. मदरशात शिकणाऱ्या मुलांची यादी इमामसाहेबांनी आणि जमातीच्या मंडळींनी मिळून करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. अंथरुणाला खिळलेल्यांची नावंही त्याच यादीत घाला. 'हर घर दस्तक'मध्ये पथक घरी येत होतं, पण वरच्या वाडीत कोण पडून आहे हे त्यांना कुणीतरी सांगावं लागत होतं.