शिकायला गेलेलं पोर एकटं पडू देऊ नका



पावसाळा लागला की आपल्या पाड्यांवरची पोरं-पोरी शिकायला शहरात जातात. कुणी नाशिकला, कुणी पुण्याच्या विद्यापीठात. होळीला घरी येतात आणि त्यातली काही परत जात नाहीत. आपण म्हणतो, अभ्यास झेपला नसेल. आम्ही अशा काही पोरांशी बोललो. अभ्यास झेपत होता, एकटं राहणं झेपत नव्हतं. बोलताना आपला हेल लागला की वर्ग हसतो. आडनाव सांगितलं की 'कोट्यातला' म्हणतात. स्नेहसंमेलनात मात्र आपला तारपा नाच सगळ्यांना पाहिजे!

जी टिकली ती वसतिगृहाच्या आधारानं टिकली. तिथं आपली माणसं, एका पंगतीत जेवण, रात्री आपल्या बोलीत गप्पा. शिष्यवृत्ती कुठं अडली, हे वरच्या वर्गातली ताई सांगते. २०१८ साली सरकारनं शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचं ठरवलं, तेव्हा पुण्याहून पोरं-पोरी पायी नाशिकला आयुक्तालयाकडे निघाली. पैसे मिळतात तर भांडण कशाला, असं काहींनी विचारलं. अहो, पैसे उशिरा आले म्हणून भूक थांबत नाही. आणि पंगत मोडली की एकीही मोडते.

याचा आपल्या जमिनीशी काय संबंध? वनहक्काच्या दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर नियमाप्रमाणे तोही पुरावा आहे. आजा सांगेल, कुठली टेकडी, कुठला नाला, कुणी कधी नांगरलं. पण तो सांगेल आपल्या बोलीत. शहरात लाजून बोली टाकलेलं पोर ते कसं लिहिणार? आणि शाळा सोडून आलेलं पोर तरी कसं लिहिणार? आपल्याला दोन्ही येणारं पोर पाहिजे.

म्हणून पुढच्या गावसभेत एवढं ठरवा. गावातलं कोण कुठं शिकतंय त्याची यादी करा. शहरात जाणाऱ्यानं वसतिगृहात डोकावून यावं, जाताना नागलीचं पीठ न्यावं. पोरांनी तिथं वाघबारस केली तर गावचा तारपेवाला पाठवा. सुट्टीत ती आली की दाव्याचे कागद त्यांच्या हातात द्या, आज्याशेजारी बसवा.

पट्ट्यासाठी आपण एकमेकांच्या मागं उभे राहतो. तसंच या पोरांच्या मागं उभं राहू.

जिंदाबाद!