मुलाखतीचे तीस गुण

निफाड-दिंडोरीकडील आमचे शेतकरी बंधू व नाशकातील तांबट-लोहार मंडळी यांची मुले-मुली आता एम्. एस्सी. होऊ लागली, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. परंतु पुढे पीएच्. डी.च्या दारात एक जकातनाका आहे, त्याची वार्ता आईबापांस असतेच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमाप्रमाणे, विद्यापीठ स्वतःची प्रवेशपरीक्षा घेते तेथे 70 टक्के भार लेखी परीक्षेस व 30 टक्के मुलाखतीस असतो. लेखी पेपरात आमची पोरे कोणास हार जात नाहीत. मुलाखतीत मात्र आडनाव, गाव, बोलण्याचा हेल, सारे खुर्चीवर येऊन बसते. ही आमची नुसती ओरड नव्हे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अब्दुल नाफे समितीने लेखी व तोंडी गुणांचा मेळ घालून पाहिला आणि त्यांतील तफावत भेदभाव दाखविते, असे 2016 साली सांगितले.

म्हणून काय पोरांनी घरी बसावे? मुळीच नाही. तयारी करावी, पण ती गाईड घोकून होत नाही. परीक्षक एकदा "का?" विचारून थांबत नाही, तिसऱ्यांदा विचारतो, आणि घोकलेले तेथेच संपते.

खरे पाहता हा "का?" आमच्या घरातच पडलेला आहे. द्राक्षावरील केवड्यासाठी बाप मोरचूद व चुना कालवून बोर्डो मिश्रण करतो आणि त्यात विळा बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. लोखंडाने तांब्यास द्रावणातून हुसकले, हे रसायनशास्त्र नव्हे तर काय? तांबट कल्हईपूर्वी तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो. त्याने धातूवरील गंज निघतो व कथील धरते. असल्या घरचा उमेदवार बापाचा धंदा सांगताना मान खाली घालतो, याचे आम्हांस फार वाईट वाटते. तोच धंदा त्याने ताठ मानेने सांगावा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. स्वतःच्या प्रयोगात हाताने काय केले व काय फसले, तेही सांगता यावे. येत नसेल तर "येत नाही" म्हणावे, आणि तर्क कसा चालवू ते बोलून दाखवावे. आईबापांनी रोज संध्याकाळी घटकाभर समोर बसून "का?" विचारावे. त्यास इंग्रजी लागत नाही. छाटणीच्या घाईतही त्या महिन्यात पोरास बागेत ओढू नये.

1914 साली मराठा विद्या प्रसारक समाज काढणाऱ्यांनी खेड्यातील पोरांच्या राहण्याजेवणाची सोय पाहिली. आज जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने फुकट सराव-मुलाखती घ्याव्यात. आणि सावित्रीबाईंचे नाव 2014 पासून धारण करणाऱ्या पुण्याच्या विद्यापीठासह सर्वच विद्यापीठांनी लेखी व मुलाखतीचे गुण वेगवेगळे जाहीर लावावेत, म्हणजे कोणाचे कोठे कापले गेले ते उमेदवाराच्या बापासही वाचता येईल.