विजेत्यांच्या यादीत आपला जिल्हा कुठे?

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठा मैदानावर केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर रणजी करंडक विदर्भाकडे आला. हे तिसरे विजेतेपद. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन मोसमांत हा करंडक नागपुरात आला. १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळणाऱ्या विदर्भाला पहिली अंतिम फेरी गाठायलाच साठ वर्षे लागली होती, हे ध्यानात घेतले तर या यशाची उंची कळते. 'विदर्भाशी सामना म्हणजे हक्काचे गुण' असा हिशोब इतर संघ वर्षानुवर्षे मांडत आले. तो हिशोब आता कोणी मांडत नाही.

या यशाचा आनंद यवतमाळ जिल्ह्यालाही झाला, आणि तो व्हायलाच हवा. संघाच्या नावात आपला प्रदेश आहे. परंतु आनंदाचे दिवस सरल्यावर एक साधा प्रश्न विचारायला हरकत नसावी. सोळा तालुक्यांच्या आणि सत्तावीस लाखांहून अधिक वस्तीच्या या जिल्ह्याचा या तीन करंडकांत वाटा किती? आणि तो कमी असेल तर दोष पोरांच्या अंगातल्या कसाचा, की त्यांच्यापर्यंत न पोहोचलेल्या वाटेचा?

आकड्यांतला पराक्रम

आधी पराक्रम पाहू. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. कर्णधार होता फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळवलेल्या रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरी हॅटट्रिक. त्याआधी उपान्त्य फेरीत कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी चीत करताना त्याने बारा बळी मिळवले होते. पुढच्याच मोसमात सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटेने त्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन डावांत मिळून एकच धाव करू दिली.

मग मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून पराभव झाला. पण ५३८ धावांचा डोंगर समोर असताना विदर्भाने ३६८ पर्यंत झुंज दिली आणि कर्णधार अक्षय वाडकरने शतक झळकावले. दुसऱ्या वर्षी उपान्त्य फेरीत त्याच मुंबईची परतफेड झाली. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी मोसमात इतके बळी त्याआधी कोणीही घेतले नव्हते.

हे सारे घडले कसे? दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. एकीकडे बाहेरून जाणती माणसे आली. वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश व करुण नायर कर्नाटकचे. ध्रुव शोरीची गंमत तर निराळीच. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध दिल्लीकडून १४५ धावा काढणारा हा फलंदाज पुढे विदर्भाकडूनच खेळू लागला. दुसरीकडे २००८ मध्ये जामठ्याचे मैदान उभे राहिले, निवासी अकादमी आली, आणि चौदा वर्षांखालील गटापासून पोरांना शिस्तीने खेळवण्याची घडी बसली. पाहुण्यांनी घराला आकार दिला हे खरे. पण दुबे, राठोड, मालेवार ही घरचीच पोरे आहेत आणि त्यांच्या मागे दहा-बारा वर्षांची तयारी आहे.

फ्रान्समधली तीन गावे

यशाच्या या दोन वाटा जगात सगळीकडे दिसतात. फ्रान्समधल्या फुटबॉलचे उदाहरण घ्या. तिथे शहराशहरांचे क्लब आहेत आणि त्यांच्या जय-पराजयावर गावाची मान वर-खाली होते.

सेंट एटियन हे कोळशाच्या खाणींचे गाव. तिथल्या एका किराणा दुकानांच्या कंपनीतल्या कामगारांच्या क्रीडामंडळातून हा क्लब जन्मला. १९५७ ते १९८१ या काळात त्याने दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९७६ मध्ये युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिककडून तो एका गोलने हरला, तरीही साऱ्या फ्रान्सने त्या संघाला डोक्यावर घेतले. पुढे १९८२ मध्ये क्लबच्या हिशोबाबाहेरच्या पैशाचे प्रकरण उघड झाले, अध्यक्षांना तुरुंगाची हवा खावी लागली आणि १९८४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. दहा विजेतेपदे कपाटात तशीच राहिली, पण अकरावे आले नाही. करंडक कारभाराची जागा घेऊ शकत नाही, हा त्या गावाचा धडा.

दुसरे पॅरिस. १९७० मध्ये स्थापन झालेल्या पॅरिस सेंट जर्मेन या क्लबची मालकी २०११ मध्ये कतारच्या गुंतवणूकदारांकडे गेली. पैशाला तोटा उरला नाही. नेमार, मेस्सी, एम्बापे असे एकाहून एक तारे आणले गेले. देशातली विजेतेपदे ओळीने मिळत गेली आणि २०२३ मध्ये अकरावे पटकावून पॅरिसने सेंट एटियनचा विक्रम मोडला. पण युरोपचा चॅम्पियन्स चषक काही हाती लागेना. तो मिळाला ३१ मे २०२५ रोजी, इंटर मिलानला पाच-शून्य हरवून. हे तिन्ही तारे तोवर क्लब सोडून गेले होते. त्या रात्रीचा पाचवा गोल केला एकोणीस वर्षांच्या सेनी मायुलूने, आणि तो पॅरिसच्याच तालमीत वाढलेला पोरगा. पैशाने दार उघडते, पण घर भरायला घरचेच लागतात, असे यावरून म्हणता येईल.

तिसरे गाव ओसेर. आपल्याला सर्वांत जवळचे हेच. शेती आणि द्राक्षमळ्यांच्या मुलखातले हे गाव. वस्ती पस्तीस-चाळीस हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या यवतमाळ शहराहून कितीतरी लहान. १९६१ मध्ये गी रू नावाच्या तरुणाने तिथल्या क्लबची सूत्रे हाती घेतली, तेव्हा तो क्लब आसपासच्या गावांशी खेळत असे. मधला थोडा काळ सोडला तर हा माणूस २००५ पर्यंत तिथेच राहिला. महागडे खेळाडू विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्याने पोरे घडवण्याचे काम धरले. एरिक कँटोना, बाझील बोली ही पुढे जगभर गाजलेली नावे त्याच तालमीतून निघाली. १९८० मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि १९९६ मध्ये त्या चिमुकल्या गावाने फ्रान्सचे लीग विजेतेपद आणि फ्रेंच चषक दोन्ही एकाच मोसमात जिंकले. सुरुवात ते विजेतेपद, मध्ये पस्तीस वर्षे गेली.

आपल्या घरची गोष्ट

आता यवतमाळकडे वळू. या जिल्ह्यात गुण नाहीत असे म्हणण्याची सोय अक्षय कर्णेवारने ठेवलेली नाही. यवतमाळात जन्मलेला हा मुलगा दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. समोर डावखुरा फलंदाज असेल तर एक हात, उजवा असेल तर दुसरा. क्रिकेटमध्ये असे गोलंदाज बोटांवर मोजण्याइतके.

२०१८-१९ च्या अंतिम सामन्यात पहिल्या दिवसअखेर विदर्भाची अवस्था सात बाद २०० अशी होती. कर्णेवारने तळाच्या फलंदाजांना हाताशी धरून नाबाद ७३ धावा काढल्या आणि धावसंख्या ३१२ वर नेली. सौराष्ट्राचा डाव ३०७ वर संपला. आघाडी अवघ्या पाच धावांची! त्या ७३ धावा नसत्या तर दुसऱ्या करंडकाची कथा वेगळीच लिहावी लागली असती. त्यापाठोपाठ शेष भारताविरुद्धच्या इराणी सामन्यात त्याने शतक ठोकले आणि विदर्भाने तोही चषक राखला. त्या विजयाची बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामात हुतात्मा झालेल्या जवानांच्या कुटुंबीयांना दिली, हेही सांगितले पाहिजे. पुढे ८ नोव्हेंबर २०२१ रोजी मणिपूरविरुद्ध ट्वेंटी-२० सामन्यात कर्णेवारने चार षटके टाकली, चारही निर्धाव, बळी दोन. पुरुषांच्या ट्वेंटी-२० क्रिकेटमध्ये चारही षटकांत एकही धाव न देणारा तो जगातला पहिला गोलंदाज ठरला.

म्हणजे करंडकाच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचे पान आहे. पण एक पान म्हणजे पुस्तक नव्हे. आणि ते पान लिहिण्यासाठी या मुलाला कोवळ्या वयात नागपूर गाठावे लागले.

शेजारच्या अकोल्याशी तुलना करून पाहा. अथर्व तायडे अकोल्याचा. आदित्य ठाकरे अकोल्याचा, ज्याने प्रथम श्रेणीतला आपला पहिलाच सामना इंदूरच्या त्या अंतिम लढतीत खेळला. अमरावतीने यष्टिरक्षक जितेश शर्मा दिला आणि २०१९ मध्ये भारताकडून खेळलेली भारती फुलमाळीही दिली. अकोल्याच्या मातीत वेगळे काय आहे? तीच कपाशी, तेच ऊन. फरक एवढाच की तिथे जुना क्रिकेट क्लब टिकून आहे आणि पोराला घरचे जेवण जेवून रोज संध्याकाळी सरावाला जाता येते. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. खेळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे, ही समज अशा संस्था गावात रुजवतात.

एक दिवस वाया जातो तेव्हा

आपल्याकडे काय होते? गल्लीत, मोकळ्या वावरात, टेनिसच्या चेंडूवर पोट्टे उत्तम खेळतात. जिल्हाभर अशा स्पर्धा होतात आणि बक्षिसेही बरी असतात. पण टेनिसच्या चेंडूकडून चामड्याच्या चेंडूकडे, मॅटिंगच्या खेळपट्टीवरून गवताच्या खेळपट्टीवर जाण्याची पायरी इथे नीट बांधलेली नाही. मॅटिंगवर चेंडूची उसळी जवळपास सारखी असते. गवताच्या खेळपट्टीवर ती तासातासाला पालटते. सोळाव्या वर्षापर्यंत ज्याने ती पाहिलीच नाही, तो निवड चाचणीला गेला की दहा चेंडूंत उघडा पडतो. निवड करणाऱ्यांचाही त्यात दोष नसतो. त्यांना समोर दिसते तेच ते पाहतात.

आणि ती चाचणी तरी कशी द्यायची? पुसद-उमरखेडच्या पोराला नागपूर म्हणजे जाऊन-येऊन सारा दिवस एस.टी.त. सोबत बाप आला तर त्याची मजुरी बुडते, किंवा ऐन वेचणीत वावर सोडावे लागते. मुलगी असेल तर सोबतीचा आणि मुक्कामाचा प्रश्न आणखी बिकट. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वारंवार आले, तिथल्या घराला 'खेळासाठी पोराला शहरात ठेव' असे सांगणे सोपे नाही. अशा घरात आईबाप पोराचा खेळ थांबवतात तेव्हा ते अडाणी असतात म्हणून नव्हे, तर हिशोब जाणतात म्हणून थांबवतात.

उमेश यादवची कथा आपण कौतुकाने सांगतो. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, विदर्भाकडून खेळून भारताच्या कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू. कौतुक खरेच आहे. पण त्याची खाणवसाहत नागपूरपासून हाकेच्या अंतरावर होती, हे विसरता कामा नये. वणीच्या खाणींतही तसेच कामगार राबतात आणि त्यांची पोरेही तेवढ्याच जोराने चेंडू टाकत असतील. हाकेच्या अंतरावर मात्र त्यांना कोणी नाही.

मागणी फार मोठी नाही

जिल्ह्याला जामठा नको. यवतमाळात नेहरू स्टेडियम आहे, पोस्टल मैदान आहे, आणि त्या मैदानाचा सभा-प्रदर्शनांसाठी होणारा वापर आपल्या परिचयाचा आहे. यवतमाळ, पुसद, वणी आणि पांढरकवडा या चार ठिकाणी गवताच्या दोन-दोन खेळपट्ट्या, वर्षभर राहणारा पगारी प्रशिक्षक, आणि हिवाळ्यात दर रविवारी चामड्याच्या चेंडूवर सामने, एवढे झाले तरी चित्र पालटेल. निवड चाचणीची पहिली फेरी जिल्ह्यात घेतली तर पोराचा आणि बापाचा एक दिवस वाचेल. मुलींच्या सरावाची वेळ आणि जागा ठरलेली असली तर त्यांचे पालकही पाठवतील. नोकरीत खेळाडूंसाठी राज्याने पाच टक्के आरक्षण ठेवले आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पोराला मिळायचे तर आधी त्याला अधिकृत स्पर्धेपर्यंत पोहोचता आले पाहिजे. म्हणजे हा निव्वळ हौसेचा नव्हे, रोजीरोटीचाही प्रश्न आहे.

याला पैसा लागेल, पण त्याहून जास्त लागेल चिकाटी. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त होणारी स्पर्धा आठ दिवसांत संपते आणि मांडव उठला की मैदान पुन्हा ओसाड होते. ओसेरच्या त्या प्रशिक्षकाकडे गाजावाजा नव्हता. रोज सकाळी मैदानावर येणारा एक माणूस आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले एक गाव, एवढेच भांडवल होते.

विदर्भाने साठ वर्षे वाट पाहिली आणि मग आठ वर्षांत तीन करंडक जिंकले. घडी एकदा बसली की फळ लवकर येते, हे नागपूरने सिद्ध करून दाखवले आहे. तीच घडी आता जिल्ह्याजिल्ह्यांत बसवणे हे विदर्भ क्रिकेटचे पुढचे काम आहे, आणि ते मागून घेणे हे आपले. पुढचा करंडक येईल तेव्हा गुलाल आपणही उधळू. पण त्याआधी संघाच्या यादीवरून एकदा बोट फिरवून पाहू, आणि यवतमाळ जिल्ह्याची नावे किती, ते मोजू.