माझ्या नावाचा दुसरा माणूस

मागच्या रमजानमधली गोष्ट. तरावीहची नमाज आटोपून घरी आलो, मोबाईल पाहिला तर सांगलीच्या एका जुन्या मित्राचे चार मिस्ड कॉल. उलट फोन केला तर सलाम-दुआ काही नाही, एकदम म्हणाला, "अहो, हे काय लिहून बसलात? ताबडतोब काढून टाका."

मी काहीच लिहिले नव्हते. दुपारपासून मोबाईल चार्जिंगला लावलेला होता.

मराठी साहित्यावर चर्चा करणाऱ्या एका मोठ्या गटात माझ्या नावाचा, माझाच फोटो लावलेला एक माणूस तीन आठवड्यांपासून वावरत होता. सुरुवातीला तो माझेच जुने लेख टाकायचा, लोकांच्या कवितांना 'छान' म्हणायचा. असा विश्वास बसल्यावर त्या संध्याकाळी त्याने शिवाजी महाराजांबद्दल असे काही लिहिले की ते मी इथे उतरवणार नाही. खाली शेकडो प्रतिक्रिया. माझे गाव कोणते, मुलगी कोणत्या कॉलेजात शिकते, हेही कोणीतरी लिहून ठेवले होते.

ज्यांना यात घाबरण्यासारखे काय आहे असे वाटते, त्यांनी हडपसर आठवावे. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या काही विटंबना करणाऱ्या चित्रांवरून पुण्यात वातावरण तापले होते. त्या रात्री नमाज पढून परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. सोलापूरहून पुण्याला नोकरीसाठी आलेला पोरगा होता तो. आमच्या घरात त्या रात्री कोणी त्याचे नाव घेतले नाही, पण बायकोने उठून दाराची कडी दोनदा तपासली, तेव्हा तिच्या मनात काय आहे हे मला कळले.

आता काय केले ते सांगतो, कारण उद्या ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते. पहिली गोष्ट, त्या तोतयाशी वाद घातला नाही. त्याच्या प्रत्येक पोस्टचे स्क्रीनशॉट घेतले, तारीख-वेळ दिसेल असे, आणि त्या खात्याची लिंक वेगळी उतरवून ठेवली; कारण नाव आणि फोटो तो क्षणात बदलू शकतो. त्यानंतर गटाच्या चालकांना फोन केला. मग कंपनीकडे तक्रार केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी अशा तोतयेगिरीची तक्रार आल्यावर चोवीस तासांत मजकूर हटवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. सकाळी सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. याच कायद्यातली ६६ सी आणि ६६ डी ही कलमे दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आणि तोतया बनून फसवण्याबद्दल आहेत. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका. पुढे कोणी तुमच्यावरच गुन्हा दाखल करायला निघाला, तर तो कागद कामी येतो.

ही सगळी कामे सोपी होती. अवघड काम होते ते गटात खुलासा लिहिण्याचे.

पहिला मसुदा लिहिला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, सहरीची भांडी वाजायला लागली होती. त्यात लिहिले होते: हे खाते माझे नाही. पुढे लिहिले की मी महाराजांवर अमुक साली लेख लिहिला आहे, माझे आजोबा गावच्या उरुसाइतकेच गणपतीच्या मिरवणुकीतही पुढे असायचे, मी 'तसा' मुसलमान नाही. वाचून पाहिले आणि माझीच मला लाज वाटली. चोरी माझ्या घरी झाली होती, आणि मी माझ्या चांगुलपणाचे दाखले गोळा करत बसलो होतो. 'तसा मुसलमान नाही' म्हणजे काय? शेजारच्या गल्लीतला कोणी तसा आहे, त्याला धरा, असेच ना? मी ते सगळे खोडले. दोनच वाक्ये ठेवली: हे खाते माझे नाही, पोलिसांत तक्रार दिली आहे. ज्याला त्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्याचा विश्वास आजोबांच्या गणपतीनेही बसणार नव्हता.

तुकोबांच्या काळात सालोमालो नावाचा एक इसम त्यांचे अभंग घेऊन त्यांत स्वतःचे नाव घालायचा, अशी तक्रार तुकोबांनीच केली आहे. तो निदान त्यांचे शब्द चोरत होता. माझ्या सालोमालोने मला त्याचे शब्द दिले. आणि ते शब्द तरी कसे? दर दुसऱ्या वाक्यात 'जनाब', 'अल्ला कसम', हिंदी सिनेमातल्या मुसलमानासारखी मोडकी मराठी. मी बावीस वर्षे मराठीत लिहितो आहे. मला वाचणाऱ्या अनेकांना ती भाषा खटकली नाही, याचे दुःख मला शिव्यांपेक्षा जास्त झाले.

एकाला मात्र खटकली. बार्शीच्या एका निवृत्त शिक्षकांनी माझ्या खुलाशाच्याही आधी तिथे लिहिले होते, "हे लेखन त्यांचे नाही. मी त्यांचे लेख वाचतो, ते असे लिहीत नाहीत." आमच्याकडे हदीस पारखणारे विद्वान दोन गोष्टी तपासत: सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, आणि मतन, म्हणजे खुद्द मजकूर. गुरुजींनी कुठेही न शिकता नेमके तेच केले.

तोतया कोण होता ते अजून कळलेले नाही. मी अंदाजही करत नाही. आपल्यातलाच कोणी जळका माणूसही असू शकतो. कारण आणखी एक गोष्ट मला सांगायची आहे. त्या रात्री आपल्याच काही भावांचे मला खासगीत संदेश आले होते, "बरी चपराक लगावली." त्यांनाही ते मीच लिहिले असे वाटले, आणि त्यांना ते आवडलेही! शिव्या देणारे आणि शाबासकी देणारे, दोघांनी मला सारखेच ओळखले नव्हते.

आणि मी तरी कोण मोठा? चार वर्षांपूर्वी एका हिंदू लेखकाच्या नावाने फिरणारा, मुसलमानांना शिव्या देणारा एक मजकूर मीही पुढे पाठवला होता. आठवड्याने कळले की तो त्यांचा नव्हता. मी तो काढून टाकला, पण त्यांना फोन करून माफी मागितली नाही. बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान करून पस्तावाल, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ती मी लहानपणापासून पढत आलो आहे. त्या दिवशी ती मला आठवली नव्हती.

या प्रकारानंतर मी त्यांचा नंबर मिळवला आणि फोन केला. ते म्हणाले, "त्यावेळी केला असतात तर बरं झालं असतं."

माझी विनंती एवढीच आहे. उद्या माझ्या नावाने काही भलतेसलते वाचलेत, तर लाईक करण्याआधी किंवा शिवी देण्याआधी मला एक फोन करा. सांगलीच्या मित्राने तेवढेच केले होते, म्हणून मला रात्रीच कळले.