परक्याच्या खिशातून केलेला दानधर्म

मराठी कथा-चित्रपटांतील घरमालक आठवून पाहा. पहिल्या तारखेला दारात उभा, कपाळाला आठ्या आणि तोंडी नळ बंद करण्याची धमकी! ही प्रतिमा आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की, घरमालकाच्या बाजूनेही न्यायाचा काही प्रश्न असू शकतो हे ऐकून घेण्याचीसुद्धा आपली तयारी नसते. याच मनोवृत्तीवर महाराष्ट्रात पाऊणशे वर्षे मतांची शेती झाली.

मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. महायुद्ध नुकतेच संपले होते, फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे येत होते, जागेची टंचाई भीषण होती. अशा वेळी १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानून ते गोठविणे आपद्धर्म म्हणून समर्थनीयच होते. परंतु आपत्ती सरली की आपद्धर्म सोडावयाचा असतो. येथे मात्र मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. अखेर १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला. कायद्याची मुदत लवकरच संपणार होती, म्हणून त्या तरतुदी रद्द मात्र केल्या नाहीत. मग नवा कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याने काय दिले? जुन्या भाड्यावर एकदा ५ टक्के आणि पुढे दरसाल ४ टक्के वाढ.

समजा, गिरगावातील एका बिऱ्हाडाचे भाडे तेव्हा ५० रुपये होते. ५ टक्के धरून ते ५२ रुपये ५० पैसे झाले. पुढची वाढ चक्रवाढीने मोजली तरी २०२५ साली ते १४० रुपयांच्या आसपास पोहोचते. महिन्याचे भाडे हे! याच कायद्याचे १४ वे कलम इमारत सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकावर टाकते. वीस बिऱ्हाडांच्या चाळीचे महिन्याचे २,८०० रुपये हाती घेऊन त्याने गच्चीची गळती थांबवावी, सडलेल्या तुळया बदलाव्यात, जिना बांधावा! सरकारी बांधकाम खात्यातील एखाद्या अभियंत्याने हा चमत्कार करून दाखवावा.

दुरुस्ती अर्थातच होत नाही. इमारती कोसळू लागल्यावर सरकारने १९६९ साली त्यांच्यावर उपकर बसविला आणि दुरुस्तीसाठी मंडळ नेमले. या मंडळाकडे सुमारे १९ हजार ६०० इमारती आल्या. टेकूंवर उभ्या असलेल्या या इमारती काळबादेवी ते लालबाग कोणीही पाहून यावे. पुढे १९८६ साली म्हाडा कायद्यात आणखी एक प्रकरण घालण्यात आले. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास सरकारने इमारत जमिनीसह संपादित करावी आणि मालकाला शंभर महिन्यांचे भाडे द्यावे. वरच्या उदाहरणातील चाळीचे तेव्हाचे भाडे महिना हजार रुपये धरले, तर मुंबईच्या मध्यवस्तीतील संपूर्ण मालमत्तेचे मोल १ लाख रुपये! या प्रकरणाला आव्हान देणारी मालमत्ताधारकांची याचिका १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, एवढे तत्त्व नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून स्पष्ट व्हायला ५ नोव्हेंबर २०२४ उजाडला. बत्तीस वर्षे! याचिका करणाऱ्यांपैकी किती जण ते ऐकायला उरले असतील, कोण जाणे.

घरमालक धुतल्या तांदळासारखे होते, असे आमचे म्हणणे नाही. पागडीचा काळा पैसा त्यांनीही मोजून घेतला, त्याची पावती कधी दिली नाही. भाडेकरू कंटाळून निघून जावा म्हणून इमारत मुद्दाम सडू देणारेही होते. पण प्रामाणिक उत्पन्नाची वाट कायद्यानेच बुजविली, तेव्हा आडवाट रुळली. इतकी की, पूर्वी गुन्हा असलेली पागडी २००० च्या कायद्याने ५६ व्या कलमाखाली राजरोस मान्य करून टाकली.

आणि या दानधर्माची किंमत शेवटी कोणी मोजली? भाडेकरूच्याच मुलाने. भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे हा मूर्खपणा ठरल्यामुळे मुंबईत नव्या चाळी उभ्या राहणे थांबले. वडिलांची खोली थोरल्याकडे राहिली. धाकटा डोंबिवली, बदलापूर, विरार येथे गेला आणि आयुष्यातले रोजचे तीन-चार तास लोकलला वाहू लागला. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. म्हातारपणाची सोय म्हणून दुसरी सदनिका घेणारा निवृत्त शिक्षकही तिला कुलूप लावून ठेवणे पसंत करतो. किमतीच्या दोन-तीन टक्के भाडे सुटणार, त्यासाठी घर जाण्याची जोखीम कशाला? वस्तुतः परवाना कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूद २४ व्या कलमात आहे. पण लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्या झिजविलेल्या मामा-काकांच्या कहाण्या ज्याने ऐकल्या, त्याला कलमे धीर देत नाहीत. म्हणून अकरा महिन्यांचा करार. म्हणून दर अकरा महिन्यांनी ट्रंका, गॅस आणि मुलांच्या शाळा यांची हलवाहलव.

गरीब भाडेकरूला उद्या रस्त्यावर काढा, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. विधवा, पेन्शनर, कामगार यांना संरक्षण हवेच. मात्र त्याचा भार सर्व समाजाने, म्हणजे सरकारी तिजोरीने उचलावा. एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या का उचलावा? आणि सधनांचे काय? बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी किंवा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना हे संरक्षण नाही, असे या कायद्याचे तिसरे कलमच सांगते. ऐपत पाहून संरक्षण द्यावे, हे तत्त्व कायद्याने तेथे स्वीकारलेलेच आहे. मग जुन्या भाड्यात मोक्याच्या रस्त्यावर दुकान थाटून मोटारी उडविणाऱ्या व्यापाऱ्याला ते लागू का नसावे?

मोठी घरे आणि व्यापारी गाळे यांचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव २०१५-१६ च्या सुमारास राज्यात पुढे आला होता. महापालिकेची निवडणूक २०१७ मध्ये होती. विरोधाचा गलका झाला, तो काही एकाच पक्षातून नव्हे, आणि प्रस्ताव गुंडाळला गेला. आपण ज्यांना निवडून देतो तेही त्यात होते, हे लपविण्यात अर्थ नाही. पुढच्या निवडणुकीत उमेदवार चाळीत हात जोडून येईल, तेव्हा त्याला गॅलरीत बसवून चहा द्यावा आणि समोरच्या पेढीचे महिन्याचे भाडे किती, एवढेच विचारावे.