प्रमाणपत्रानंतरचे वर्ड
राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागते. पण ते हाती आले की बहुतेकांचे वर्ड शिकणे तिथेच थांबते, आणि त्याची किंमत कार्यालये रोज मोजतात. दोनशे पानी अहवालातले प्रत्येक शीर्षक हाताने ठळक केले, अनुक्रमणिकाही टंकून काढली, की मध्ये दोन पाने वाढताच पुढचे सारे पृष्ठक्रमांक चुकतात. तीच शीर्षके ‘स्टाइल्स’ वापरून दिली असती, तर अनुक्रमणिका क्षणात अद्ययावत झाली असती. पाचशे नोटिसांवर नावे-पत्ते घालायला मेल मर्जला एक्सेलची एक यादी पुरते. मराठीत तर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नाही. हे अजूनही घडावे, याची खंत वाटते.

यावर उपाय म्हणजे वर्डचे पुढचे प्रशिक्षण. यूट्यूबवर सारे फुकट असताना त्यासाठी वर्ग कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण अशी सोय आहे हेच ठाऊक नसलेला माणूस ती शोधणार कशी? काम हाताने उरकत असल्याने त्याला अडचणही जाणवत नाही. कामाच्या वेळेत, आपल्याच कार्यालयाचा अहवाल समोर ठेवून घेतलेले दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण ही सवय मोडू शकते. खर्च मात्र नोकरी देणाऱ्याने उचलावा; वाचणारे तास त्याच्याच कामाचे असतात.