पत्र्याआडचे पाणी

'नल्लकुंटा' हे तेलुगू नाव आहे. 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंट' म्हणजे लहान तळे. आज त्या वस्तीत तळे शोधू गेल्यास दाटीने उभ्या असलेल्या इमारती आणि त्यांच्या कडेला लावलेल्या मोटारीच दृष्टीस पडतात. तथापि वाट बुजविल्याने पाणी नाहीसे होत नाही, हे ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादकरांनी पुरते अनुभवले आहे. जुन्या मोटारीच्या पत्र्याचे दुखणेही बहुतांशी याच जातीचे असते. म्हणून ज्यांना आपल्या गाडीची किरकोळ पत्रादुरुस्ती स्वतः शिकावयाची आहे, त्यांनी हातोडी हाती घेण्यापूर्वी पाणी कोठे साचते हे पाहावयास शिकावे, असे आम्ही सुचवितो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तळाचा पत्रा सडला असेल तर इंजिन धडधाकट असूनही गाडी मोडीत निघते. गाडीचा सर्वंकष विमा असला तरी बारीकसारीक पोच्यांसाठी भरपाई मागणे पुष्कळदा परवडत नाही. कारण भरपाई न मागणाऱ्यास पहिल्या वर्षी मिळणारी वीस टक्क्यांची आणि पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढणारी सवलत त्यापायी जाते. शिवाय वडिलांनी घेतलेली गाडी हा पुष्कळ घरांत हिशेबापलीकडचा विषय असतो.

आपला समाज या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या कचेरी, न्यायालय आणि शाळा यांत रमला. हात काळे करण्याची त्याला सवय कमी. वस्तुतः पत्र्याची कारागिरी हैदराबादला परकी नाही. १९४२ साली स्थापन झालेल्या ऑल्विनच्या कारखान्यात बसगाड्यांचे सांगाडे, पोलादी कपाटे आणि पुढे शीतकपाटेही घडली. त्या कारागिरीचा पहिला धडा गिरविण्यात कमीपणा कसला?

पहिले काम तपासणीचे. निंबाच्या वा गुलमोहराच्या सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पुढील काचेखालच्या खोबणीत पाने साचतात आणि कुजून पाण्याच्या वाटा अडवितात. तेथील कचरा हाताने काढून तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते गाडीखाली कोठे उतरते ते पाहावे. दरवाजांच्या खालच्या कडेला बारीक छिद्रे असतात. काचेच्या फटीतून आत शिरलेले पाणी तेथून बाहेर पडावे, अशी योजना असते. ती चिखलाने बुजली की दरवाजा आतून सडू लागतो. रंगावर फोड दिसेपर्यंत गंजाने आतल्या बाजूने पुष्कळ मजल मारलेली असते. त्यानंतर पातळ कापडात गुंडाळलेला लहान चुंबक पत्र्यावरून फिरवावा. पोलादी पत्र्यावर तो जेथे चिकटत नाही वा सैल पडतो, तेथे पूर्वी कोणीतरी जाड पुट्टी भरली आहे, हे समजावे. जुनी गाडी विकत घेतानाही ही परीक्षा उपयोगी पडते.

पोचा काढताना नवशिक्याचा पहिला मोह असतो तो मधोमध जोराने ठोकण्याचा. तो आवरावा. पत्र्यामागे 'डॉली' नावाचा गुळगुळीत पोलादी ठोकळा धरून, पोच्याच्या कडेपासून आत सरकत, हलक्या हाताने अनेक ठोके द्यावेत. जोराच्या घावाने पत्रा ताणला जातो आणि मग तो डब्याच्या झाकणासारखा टपटप आतबाहेर करू लागतो. काम साधले की नाही, हे डोळ्यांपेक्षा तळहाताला अधिक कळते. सुती हातमोजा घालून हात सावकाश फिरवावा. उंचसखलपणा तात्काळ जाणवतो.

गंजाच्या बाबतीत तर उतावळेपणा सर्वथा वर्ज्य आहे. पुट्टी, जिला कोणी लांबीही म्हणतात, ती गंजावर थापणे म्हणजे गळूवर पावडर लावणे होय. ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासावा आणि त्याच दिवशी त्याला अस्तराचा रंग द्यावा. उघडा पत्रा दमट हवेत एका रात्रीत पुन्हा गंज धरतो. पुट्टीत साधारणतः शंभर भागांस दोन भाग हार्डनर मिसळतात; तरी डब्यावरील सूचना प्रमाण मानावी. उन्हाळ्यात हे मिश्रण पाहता पाहता घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालवावे. थर दोन-तीन मिलिमीटरहून जाड असू नये. पुट्टी पाणी शोषून घेते. सबब ती कोरडीच घासावी, प्रथम ८०, मग १८०, शेवटी ३२० क्रमांकाने. ओल्या पॉलिश पेपरची पाळी अस्तर चढल्यानंतरची. रंगाचे अनेक पातळ हात द्यावेत, आणि तेही कोरड्या दिवसांत. दमट हवेत रंग पांढुरका पडण्याचा संभव असतो.

आता मर्यादेविषयी. अँबॅसडर, फियाट वा मारुती ८०० यांपैकी कोणत्याही गाडीस ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडाच सारे ओझे वाहतो. म्हणून दरवाजाखालचा उंबरठा, तळ, चाकांच्या आधाराच्या जागा येथे गंज आरपार गेला असेल, तर तेथे पुट्टी भरणे हा आपल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. ते काम जुना पत्रा कापून नवा जोडणाऱ्या जाणत्या वेल्डरचेच. त्याचप्रमाणे हार्डनर मिसळून फवारावयाच्या रंगांत बहुधा आयसोसायनेट असते. त्याच्या तुषारांनी कायमचा दमा जडू शकतो आणि साधा धुळीचा मुखपट्टा त्यापासून रक्षण करीत नाही. घरी तो रंग फवारू नये. घासतानाही मुखपट्टा व चष्मा हवाच आणि मुलांना दूर ठेवावे. गाडीचा मूळ रंग बदलावयाचा झाल्यास परिवहन कार्यालयाची अनुमती घेऊन नोंदणीपत्रात तशी नोंद करावी लागते, हेही ध्यानात असावे.

इतके शिकून कोणी उस्ताद होत नाही, आणि आमचा तसा आग्रहही नाही. मात्र ज्याने वीतभर पत्रा स्वतः घासून गुळगुळीत केला, तो उस्तादाच्या मजुरीवर उगाच घासाघीस करणार नाही. आणि कोणी गंजावर जाड पुट्टी थापून गाडी परत दिली, तर चुंबकाच्या एका फेरीत ते त्याच्या ध्यानी येईल. ज्यांना एवढाही वेळ नाही, त्यांनी निदान मृग नक्षत्र लागण्यापूर्वी दरवाजांची छिद्रे एका बारीक काडीने मोकळी करावीत. या कामास दहा मिनिटे पुरतात आणि खर्च काहीच नाही.